घरचं रक्त, फ्रीजमधली पिशवी आणि फॉर्मवर न लिहिलेला मलेरिया

सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं पत्र थोडक्यात देतो. नाव त्यांच्या विनंतीवरून गाळलं आहे, ओळख पटेल असे एक-दोन तपशीलही बदलले आहेत.

त्यांच्या सासूबाईंचं खुब्याचा सांधा बदलायचं ऑपरेशन नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ठरलं आहे. हॉस्पिटलने 'दोन पिशव्या रक्ताची सोय बघून ठेवा' असं सांगितलं. धाकटे दीर रस्त्याच्या कामावर गडचिरोलीत असतात, सध्या दिवाळीसाठी घरी आले आहेत. रक्तगट आईचाच, तब्येत ठणठणीत, दर गणपतीत मंडळाच्या शिबिरात रक्त देणारे. यंदा मात्र दिलं नाही, कारण सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांना मलेरिया झाला होता. तिथल्या सरकारी दवाखान्यात गोळ्या घेतल्या, चार दिवसांत कामावर गेले. घरात बाकी कुणाच्या ते लक्षातही नाही. सासूबाईंचा हट्ट आहे, 'रक्त चढवायचंच तर माझ्या लेकराचं चढवा.' दीर म्हणतात, 'मी आत्ताच देऊन ठेवतो. तीन आठवडे फ्रीजमध्ये राहील, असले-नसले जंतू थंडीने मरतील. शिवाय तपासणी होतेच. फॉर्मवर मलेरियाचं लिहिलं तर उगाच परत पाठवतील, म्हणून लिहिणार नाही.' भगिनी विचारतात, "मी बोलू का? बोलले तर ऐन ऑपरेशनच्या तोंडावर सुनेने खोडा घातला म्हणतील. नाही बोलले आणि काही झालं तर? की मीच राईचा पर्वत करतेय?"

उत्तर

हो, बोला. उद्या-परवाच बोला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. बाकीचं लिहितोय ते अशासाठी, की बोलताना तुमच्या हाती नुसती शंका नको, पक्की माहिती हवी. आणि तुमच्या पत्रात जी तीन गृहीतकं आहेत (थंडीत जंतू मरतात, तपासणीत सगळं सापडतं, घरचं रक्त सगळ्यांत चांगलं) ती पुष्कळ घरांत असतात.

भाऊजींच्या फ्रीजपासून सुरुवात करू. त्यांनी जे कुठेतरी ऐकलं किंवा वाचलं ते अगदीच हवेतलं नाही, हे आधी मान्य करतो. मलेरियाचा परजीवी साठवलेल्या रक्तात हळूहळू खंगत जातो. रक्त चढवल्यामुळे मलेरिया झाल्याची जी प्रकरणं जगभर नोंदली गेली, त्यांतल्या बहुतेक पिशव्या काही दिवसांच्याच होत्या. दोन आठवडे उलटल्यावर अशी प्रकरणं विरळ होत जातात. पण विरळ म्हणजे शून्य नव्हे. अमुक इतके दिवस ठेवलं की पिशवी मलेरियामुक्त झाली, असा दाखला कुठलीही रक्तपेढी देत नाही. देऊच शकत नाही.

ते का, हे पिशवीकडे नीट पाहिलं की कळतं. रक्तपेढीचा फ्रीज 2 ते 6 अंश सेल्सिअसवर चालतो. आत पिशव्या रक्तगटाप्रमाणे मांडलेल्या असतात, ओ गटाला निळं लेबल, ए ला पिवळं, बी ला गुलाबी, एबी ला पांढरं. प्रत्येक पिशवीत रक्ताबरोबर सीपीडीए नावाचं द्रावण असतं. त्यातलं सायट्रेट रक्ताची गुठळी होऊ देत नाही, डेक्स्ट्रोज आणि अ‍ॅडेनिन तांबड्या पेशींना तगवून ठेवतात. त्यामुळे रक्त 35 दिवस वापरता येतं. सॅगम द्रावण घातलेल्या तांबड्या पेशी 42 दिवस. ही सगळी खटपट कशासाठी? तांबडी पेशी जिवंत राहावी म्हणून. आणि मलेरियाचा परजीवी मुक्कामाला असतो तो नेमका त्याच पेशीच्या पोटात. घरमालकाला महिनाभर खाऊपिऊ घालायचं आणि भाडेकरू उपासमारीने मरेल अशी आशा धरायची, असा हा हिशेब झाला.

आणखी थंड केलं तर? संशोधक प्रयोगशाळेत मलेरियाचे नमुने जपून ठेवतात ते ग्लिसरॉल घालून, द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांवर. वर्षांनंतर बाहेर काढून ऊब दिली की परजीवी पुन्हा वाढायला लागतो. थंडी त्याला मारण्याऐवजी बऱ्याचदा सांभाळूनच ठेवते.

एकाच्या रक्तातून दुसऱ्याला मलेरिया होतो हे काही आज कळलेलं नाही. रक्तसंक्रमणातून मलेरिया झाल्याची पहिली नोंद 1911 सालची आहे. पुढे 1917 मध्ये व्हिएन्नाच्या वाग्नर-याउरेग या मनोविकारतज्ज्ञाने तर मलेरियाच्या रुग्णाचं रक्त मुद्दाम दुसऱ्या रुग्णांना टोचलं. सिफिलिस मेंदूपर्यंत गेलेले ते रुग्ण, आणि तापाच्या भट्टीत त्यांचा आजार शमेल ही कल्पना. त्या वेळी दुसरा इलाजच नव्हता, आणि या कामाला 1927 चं नोबेल मिळालं. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण रक्ताच्या चार थेंबांतून मलेरिया किती हुकमी जातो याचा याहून ठसठशीत पुरावा मला माहीत नाही.

आता तपासणी. आपल्याकडे दान झालेल्या प्रत्येक पिशवीची पाच गोष्टींसाठी तपासणी कायद्याने सक्तीची आहे: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. भाऊजी 'तपासणी होतेच' म्हणतात ते खरंच आहे. तपासणीला किती बारीक दिसतं, हा पुढचा प्रश्न.

मलेरिया शोधायच्या नेहमीच्या रीती दोन. एक म्हणजे काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून, रंगवून, तेल टाकून सर्वांत मोठ्या भिंगाखाली पाहायचं. फिकट गुलाबी पेशींच्या गर्दीत एखाद्या पेशीत निळसर अंगठी आणि तिच्यावर लाल खडा बसवल्यासारखा ठिपका दिसला की सापडला. दुसरी रीत कार्डाची: थेंबभर रक्त, वर दोन-चार थेंब द्रावण, पंधरा-वीस मिनिटांनी रेघ उमटते का ते बघायचं. तयार नजरेच्या तंत्रज्ञाला एका मायक्रोलिटर रक्तात पन्नासच्या आसपास परजीवी असले तर ते सापडतात. कार्डाला सहसा शंभर-दोनशे लागतात.

इथे थोडं गणित करू. एका पिशवीत 350 मिलीलिटर रक्त घेतलं तर ते झालं साडेतीन लाख मायक्रोलिटर. दर मायक्रोलिटरला एकच परजीवी आहे असं धरा. काचपट्टी निर्दोष, कार्ड निर्दोष, आणि पिशवीत परजीवी साडेतीन लाख. संसर्ग व्हायला किती पुरतात? अगदी दहाही पुरू शकतात असं मानलं जातं. 'तपासणीत नील आलं' याचा मलेरियापुरता अर्थ 'तपासणीला दिसेल इतके नव्हते' एवढाच घ्यायचा.

यातच एक गैरसमज उरकून घेतो, कारण हॉस्पिटलच्या जिन्यात उभे राहून नातेवाईक हे मला हमखास सांगत. 'आम्ही नॅट केलेलं रक्त मागवलंय, आता कसलीच काळजी नाही.' नॅट, म्हणजे रक्तात विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, ही उत्तम तपासणी आहे, पण आपल्या रक्तपेढ्यांत ती एचआयव्ही आणि दोन हिपॅटायटिसच्या विषाणूंसाठी होते. मलेरियाचा तिच्याशी संबंध नाही. मलेरियासाठी तशा धर्तीची चाचणी अमेरिकेत मंजूर झाली तीच 2024 मध्ये. पांढऱ्या पेशी गाळणारा फिल्टर लावला तरी तांबड्या पेशीतला परजीवी गाळला जात नाही. पिशवीवरच काही प्रक्रिया करून परजीवी निकामी करायचे प्रयत्न चालू आहेत. घानामधल्या कुमासी शहरात रक्तावर रायबोफ्लेविन, म्हणजे आपलं बी-2 जीवनसत्त्व, आणि अतिनील किरण यांची प्रक्रिया करून पाहिली, तेव्हा संसर्गाचं प्रमाण 22 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आलं. 2016 मध्ये ते प्रसिद्ध झालं. चांगलं आहे, पण तिथेही चार टक्के उरलेच, आणि सासूबाईंसाठी येणाऱ्या पिशवीवर ती प्रक्रिया होणार नाही.

मग आजवर पुण्यात रोज एवढं रक्त चढतं, सगळ्यांना मलेरिया का होत नाही? कारण रक्त देणारे बहुसंख्य लोक मलेरियाच्या पट्ट्यातून आलेले नसतात, आणि जे आलेले असतात त्यांतले बरेच जण फॉर्मवर खरं लिहितात. मलेरियाच्या बाबतीत फॉर्म हीच मोठी तपासणी आहे. आपल्याकडचा नियम असा: मलेरियातून पूर्ण बरं झाल्यावर 3 महिने रक्तदान नाही. भाऊजी सप्टेंबरात आजारी होते. साध्या हिशेबाने ऑपरेशनच्या तारखेलाही त्यांचे तीन महिने भरत नाहीत, आज तर नाहीतच.

शिबिराच्या फॉर्मचं काय होतं ते तुम्हीही पाहिलं असेल. मांडवात लाउडस्पीकर, मागे रांग, शेजारच्या टेबलावर भेटवस्तूंचा ढीग, आणि कार्यकर्ता सांगतोय, 'सगळ्याला नाही नाही टिक करा आणि खाली सही ठोका.' रक्तदानाला भेटवस्तू लावण्याच्या मी पूर्वीपासून विरोधात आहे. मिक्सरसाठी रांगेत उभा राहिलेला माणूस मलेरिया आठवायला बसत नाही. पण हे थोडं वेगळं झालं. भाऊजी काही मिक्सरसाठी लपवत नाहीयेत, आईसाठी लपवतायत. म्हणूनच त्यांना चूक ठरवून चालणार नाही, समजावून सांगावं लागेल.

तर मग आईसाठी मुलाचं रक्त. सासूबाईंच्या म्हणण्यातली माया मला कळते. व्यवहार मात्र वेगळा चालतो. बहुतेक वेळा नातेवाइकाने दिलेली पिशवी त्याच्या रुग्णाला जातच नाही. ती साठ्यात जमा होते आणि रुग्णाला गटाची, क्रॉसमॅच (रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पाहायची चाचणी) जुळलेली, आधीच तपासून झालेली दुसरी पिशवी मिळते. भाऊजींची पिशवी तीन आठवडे आईची वाट बघत फ्रीजमध्ये बसणार नाही. ती कदाचित चौथ्या दिवशी बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या एखाद्या बाईला जाईल, किंवा दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या एखाद्या पोराला. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात फाल्सिपेरम जातीचा मलेरिया मोठ्या प्रमाणात आहे, आणि लहान मुलं व गरोदर बायकांना तो सगळ्यांत जास्त छळतो. आईसाठी पत्करलेला धोका भलत्याच घरात जाऊन उतरायचा.

आणि समजा, आग्रह धरून ती पिशवी आईंसाठीच राखून ठेवली, तरी डॉक्टर खूश होणार नाहीत. आई आणि मुलगा यांच्या पेशींवरच्या ओळखखुणा निम्म्या सारख्या असतात. त्यामुळे मुलाच्या रक्तातल्या जिवंत पांढऱ्या पेशी आईच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, त्या तग धरतात आणि उलट तिच्याच शरीरावर हल्ला चढवू शकतात. हे अतिशय क्वचित घडतं, पण घडलं तर बहुधा जिवावरच बेततं. म्हणून जवळच्या रक्ताच्या नात्यातलं रक्त द्यायचंच झालं तर पिशवीवर आधी किरणांचा मारा करून त्या पांढऱ्या पेशी निकामी कराव्या लागतात. ज्या नात्यामुळे घरच्यांना ते रक्त सुरक्षित वाटतं, डॉक्टर नेमके त्याच नात्यामुळे ते टाळतात. सासूबाईंना हे सुनेने सांगू नये. सर्जन किंवा भूलतज्ज्ञांनी तपासणीच्या वेळी सांगावं. तुम्ही फक्त त्यांच्यासमोर विचारा, 'डॉक्टर, मुलाचं रक्त आईला चालतं का हो?' पुढचं काम ते करतील, आणि तुमच्यावर काही येणार नाही.

जाता जाता ताज्या रक्ताबद्दल. रुग्णाचे नातेवाईक एरवी 'आजचं ताजं रक्त द्या' म्हणून भांडतात. तुमच्या घरी उलटा हट्ट आहे. कॅनडा, युरोप आणि अमेरिकेत 2015-16 च्या सुमारास झालेल्या मोठ्या चाचण्यांत ताजं रक्त घेतलेले आणि काही आठवडे साठवलेलं रक्त घेतलेले रुग्ण यांच्या वाचण्यात फरक दिसला नाही. रक्तपेढी जी पिशवी देईल ती घ्यावी.

आता खरं कामाचं. भाऊजींना फ्रीजसाठी जे तीन आठवडे हवे होते, ते सासूबाईंच्या हिमोग्लोबिनवर खर्च करा. हॉस्पिटल जेव्हा 'दोन पिशव्या तयार ठेवा' म्हणतं, तेव्हा त्या चढवणारच असं नसतं. आजकाल खुब्याच्या ठरवून केलेल्या ऑपरेशनांत पुष्कळ जणांना एकही पिशवी लागत नाही. त्यांचं हिमोग्लोबिन किती आहे ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. बहुधा घरात कुणी विचारलेलंच नसेल. उद्याच विचारा. कमी असेल तर लोहाच्या गोळ्या, किंवा वेळ थोडा आहे म्हणून शिरेतून लोह देता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. ऑपरेशनच्या वेळी रक्तस्राव कमी ठेवणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड वापरणार का, तेही विचारा. सांधेबदलात ते आता सर्रास देतात. आणि किती हिमोग्लोबिनला रक्त चढवणार, हेही. खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालेल्या वयस्कर, हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास 2011 मध्ये आला. त्यात 10 ग्रॅमला रक्त चढवण्यापेक्षा 8 ग्रॅमपर्यंत थांबणं कुठेही कमी पडलं नाही. अर्थात छातीत दुखणं, धाप, चक्कर असेल तर डॉक्टर आकड्यासाठी थांबत नाहीत, आणि थांबूही नये. या प्रश्नांनी चांगला सर्जन रागावत नाही. रागावला तर दुसरं मत घ्यायला अजून वेळ आहे.

तरीही पिशव्या राखून ठेवाव्या लागतीलच. त्यासाठी भाऊजीच हवेत असं नाही. तुमचे यजमान देऊ शकतात का पाहा (त्यांची पिशवी साठ्यात जाणार, त्यामुळे नात्याचा प्रश्न येत नाही). सोसायटीत, ऑफिसात विचारा. रक्तगट कुठलाही चालेल, कारण देवाणघेवाण साठ्याशी आहे. ई-रक्तकोश या सरकारी संकेतस्थळावर जवळच्या रक्तपेढ्यांचा साठा पाहता येतो. आणि 'डोनर आणल्याशिवाय रक्त नाही' असं कुणी अडवून धरलं तर वाद घालायचा तुम्हाला हक्क आहे: 2002 च्या राष्ट्रीय रक्त धोरणाचा रोख बदली दात्यांची पद्धत संपवून ऐच्छिक रक्तदानाकडे जाण्याचा आहे. दिवाळीनंतर साठे रोडावलेले असतात हेही खरं, म्हणून लवकर हालचाल करा.

आता बोलायचं कसं. जेवणाच्या ताटावर, सगळ्यांसमोर नको. भाऊजींना एकटं गाठा. तुम्ही त्यांचं भलं चिंतताय हे त्यांना आधी कळू द्या, कारण त्यांच्या तब्येतीचा प्रश्न खरोखरच आहे. विचारा, 'भाऊजी, मलेरिया कुठला निघाला होता? गोळ्या तीन दिवसांच्या होत्या की चौदा दिवसांच्या? सगळ्या घेतल्यात का?' व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया असेल तर त्याचे परजीवी यकृतात दडून बसतात आणि महिन्यांनी पुन्हा उचल खातात. ते काढायला 14 दिवस प्रायमाक्विन नावाचं औषध घ्यावं लागतं. चार दिवसांत कामावर गेलेला माणूस चौदा दिवस गोळ्या घेतो का, याबद्दल मला दाट शंका आहे. फाल्सिपेरम असेल आणि उपचार अर्धवट राहिला असेल तर थोडेसे परजीवी ताप न आणता रक्तात रेंगाळू शकतात, विशेषतः मलेरियाच्या भागात वारंवार राहून ज्याच्या अंगी थोडीफार प्रतिकारशक्ती आली आहे त्याच्या. ठणठणीत दिसणं हा इथे पुरावा धरता येत नाही. दवाखान्याचा कागद असेल तर तो घेऊन इथल्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या.

मग रक्ताचा विषय काढा. 'तुमचं रक्त आईंना जाणारच नाही, दुसऱ्या कुणाला तरी जाईल' ही माहिती बहुतेक दात्यांना नसते, आणि माझा अनुभव असा, की ती कळल्यावर माणूस आपणहून मागे येतो. त्यांना मोकळंही ठेवू नका. दोन दाते जमवायचं काम त्यांच्याकडेच द्या. मंडळातले मित्र आहेत, एका फोनवर येतील. सासूबाईंना 'धाकट्याने रक्ताची सोय केली' हे सांगता येईल, आणि ते खरंही असेल.

त्यांना हे पटलं नाही तर यजमानांना विश्वासात घ्या. आणि तरीही भाऊजी परस्पर रक्त देऊन आले, तर रक्तपेढीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन करून सांगा: अमुक दिवशी, अमुक नावाच्या दात्याने रक्त दिलं आहे, त्यांना सप्टेंबरात मलेरिया झाला होता. याला चुगली म्हणत नाहीत. रक्तपेढ्यांना असे फोन येतात, पिशवी बाजूला काढली जाते आणि दात्याचं नाव बाहेर जात नाही. खुद्द भाऊजींनाही हा रस्ता खुला आहे. फॉर्म भरताना लाज वाटली किंवा आठवलं नाही, तरी घरी जाऊन फोन करता येतो. रक्तदान केल्यावर आठवडाभरात ताप आला तर कुठल्याही दात्याने तो फोन करावाच.

तुमच्या मनातली शेवटची भीती राहिली: दुसऱ्या कुणाच्या पिशवीतून सासूबाईंना मलेरिया झाला तर? पुण्यासारख्या ठिकाणी ही शक्यता फार थोडी आहे, त्यापायी झोप उडवू नका. फक्त एक लक्षात ठेवा. रक्त चढत असताना किंवा काही तासांत थंडी वाजून ताप आला तर ती रक्ताची रिअ‍ॅक्शन असते. लगेच नर्सला बोलवा, पिशवी थांबवतात. मलेरियाचा ताप येतो तो साधारण आठवडाभराने किंवा त्यानंतर, कधी महिना-दोन महिन्यांनीही. तोवर पेशंट घरी आलेली असते, आणि ऑपरेशननंतरचा ताप म्हटलं की सगळ्यांचं लक्ष जखमेकडे, लघवीकडे, छातीकडे जातं. पेशंट गडचिरोलीला गेलेली नाही, तेव्हा मलेरिया कुणाच्या डोक्यातही येत नाही. वेळेवर कळला तर तो औषधांनी बरा होणारा आजार आहे. दगा देतो तो उशीर. म्हणून रक्त चढवलं असेल तर तारीख आणि पिशवीचा नंबर डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, 'अमुक तारखेला रक्त चढवलंय, मलेरियाची तपासणीही करा.' निघालाच तर रक्तपेढीला कळवा. त्या नंबरावरून दात्यापर्यंत पोचता येतं आणि त्याच्यावरही उपचार होतात; 2012 पासून देशात अशा प्रसंगांची नोंद ठेवणारा हिमोव्हिजिलन्सचा कार्यक्रमही आहे. एक बारकावा तुमच्या डॉक्टरांसाठी: रक्तातून आलेला व्हायव्हॅक्स यकृतात दडत नाही, कारण तो डासाच्या वाटेने आलेला नसतो. त्यामुळे सासूबाईंच्या वयात प्रायमाक्विनचा चौदा दिवसांचा कोर्स सहसा टाळता येतो.

भाऊजींचं रक्त वाया जातंय असं मात्र त्यांना वाटू देऊ नका. गडचिरोलीचं काम संपवून ते पुण्यात परतले, पूर्ण बरं होऊन तीन महिने उलटले आणि मधल्या काळात ताप आला नाही, की त्यांनी जरूर द्यावं. उन्हाळ्यात कॉलेजं बंद असतात, शिबिरं होत नाहीत, रक्तपेढ्यांचे फ्रीज रिकामे पडतात; मे महिन्यात गेले तर चांगलंच. जाताना फॉर्मवर गडचिरोली आणि सप्टेंबरातला मलेरिया दोन्ही लिहावं, आणि घ्यायचं की नाही ते तिथल्या डॉक्टरांवर सोडावं.